बटण की काच?

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावात मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही टपरीवर घटकाभर उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते. बटणाच्या फोनवर न बघता मेसेज लिहायचो, आता एवढ्या महागाच्या फोनवर एक ओळ लिहितो आणि तीन चुका होतात. असं म्हणणारा माणूस बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. त्याच्या शेजारी उभा असलेला बारावीतला पोरगा दोन्ही अंगठ्यांनी झरझर लिहीत असतो आणि काका कशाबद्दल बोलतात ते त्याला उमगत नाही. तक्रार खरी आहे आणि पोराचा वेगही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, हे समजायला आधी फोन उघडून आत पाहावं लागेल.

१. बटणाखाली काय असतं?

बटणाच्या फोनचं वरचं रबर सोलून काढलं की खाली हिरवी सर्किटची पाटी दिसते. तिच्यावर चमकदार पत्र्याच्या छोट्या गोल टिकल्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक टिकली मध्ये किंचित फुगलेली असते. बटण दाबलं की तो फुगवटा ‘टक्’ करून आत बसतो, खालचे दोन तांब्याचे पट्टे जोडले जातात आणि वीज वाहते. बोट उचललं की टिकली पुन्हा फुगते. बटणाचा आवाज म्हणून आपल्याला जो ऐकू येतो, तो या पत्र्याचा.

बारा बटणांसाठी बारा तारा लागत असतील असं वाटतं, पण सातच लागतात. चार आडव्या रांगा आणि तीन उभ्या रांगा. ५ दाबला की वरून दुसरी आडवी रांग आणि मधली उभी रांग एकमेकींना टेकतात. चिप या रांगा सेकंदाला अनेकदा तपासत असते. दोन्ही रांगा कळल्या की बटण कळलं. ब्लॅकबेरीसारख्या पस्तीस बटणांच्या कीबोर्डलाही अशा बाराच तारा पुरतात, पाच आडव्या आणि सात उभ्या.

आता बोटाच्या बाजूने पाहा. बटण बोटाला तीन वेळा काहीतरी सांगतं. दाबण्याआधी त्याच्या कडेवरून कळतं की बोट कुठं आहे. दाबताना ‘टक्’वरून कळतं की काम झालं. उचलताना बटण वर येतं आणि कळतं की पुढच्या अक्षराला मोकळीक आहे. यातली पहिली सूचना सगळ्यांत मोलाची, कारण ती चूक होण्याच्या आधी मिळते. घरात बटणाचा फोन असेल तर ५ च्या बटणावर अंगठा फिरवून बघा. तिथे एक बारीक उंचवटा असतो. तो सापडला की उरलेली अकरा बटणं कुठं आहेत हे डोळे मिटूनही सांगता येतं. संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर अशाच रेघा असतात. टायपिंगच्या वर्गात पहिल्याच दिवशी बोटं तिथं ठेवायला शिकवतात, ते यासाठीच.

२. काचेखाली काय असतं?

काचेखाली इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा एक पारदर्शक, वीजवाहक थर असतो. त्याच्या बारीक आडव्या आणि उभ्या पट्ट्यांची जाळी केलेली असते. जिथं दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात, तिथं थोडा विद्युतभार साठून राहतो. माणसाचं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा साठा थोडा बदलतो. चिप सगळ्या जाळीवरचे हे बदल मोजते, बोटाचा डाग कुठवर पसरला आहे ते पाहते आणि त्या डागाचा मध्यबिंदू काढते. तो बिंदू ज्या अक्षराच्या चौकोनात पडेल, ते अक्षर उमटतं.

म्हणजे काचेला दाब कळत नाही, स्पर्श कळतो. सगळी गोम इथेच आहे. बटणावर बोट नुसतं टेकवून चाचपता येतं. काचेवर बोट टेकवून उचललं की अक्षर उमटलंच. पहिली सूचना, दाबण्याआधीची, काच देऊच शकत नाही. अक्षर उमटल्यावर फोन थरथरतो खरा, पण ती दुसरी सूचना झाली. ती मिळते तेव्हा चूक होऊन गेलेली असते. पहिल्या सूचनेचं काम डोळ्यांना करावं लागतं. म्हणून काचेच्या फोनवर लिहिणारा माणूस मान खाली घालून बसतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. साकोलीचा भंडारा जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालू असते, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीभर चिखल, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी आणि वरून पाऊस. पाणीही बोटासारखंच जाळीवरचा भार बदलतं. काचेवर थेंब पडले की फोनला एकाच वेळी चार बोटं टेकल्यासारखं वाटतं, आणि तो मनाने ॲप उघडतो किंवा भलत्यालाच फोन लावतो. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून काच चालते, कारण पातळ प्लास्टिकमधूनही बोटाचा परिणाम खालच्या जाळीपर्यंत पोचतो. पिशवी ओली झाली की पुन्हा गोंधळ. पत्र्याच्या टिकलीला मात्र हात ओला की कोरडा याच्याशी देणंघेणं नसतं. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ची सगळी बटणं एकाच रबरी तुकड्याची होती, त्यामुळे फटीतून धूळ आत जात नसे. भाताच्या गिरणीत दिवसभर कोंड्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला याची किंमत विचारावी. त्या फोनचे जगभर पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले.

३. एका बटणावर चार अक्षरं

इथवर वाचून बटणाचंच पारडं जड वाटेल. पण आता प्रत्यक्ष लिहून पाहू. शब्द घेऊ आपल्याच गावाचा, आधी रोमन लिपीत: sakoli.

बारा बटणांच्या फोनवर ७ या आकड्याखाली पी, क्यू, आर, एस अशी चार अक्षरं असतात. एस चौथा, म्हणजे चार वेळा दाबायचं. ए एकदा. के दोनदा. ओ तीनदा. एल तीनदा. आय तीनदा. बेरीज सोळा. सहा अक्षरांच्या शब्दाला सोळा दाब, आणि एकाच बटणावरची दोन अक्षरं लागोपाठ आली तर मध्ये क्षणभर थांबायचं ते वेगळंच.

यावर १९९० च्या दशकात टेजिक नावाच्या अमेरिकी कंपनीने टी-नाइन ही युक्ती काढली. प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबायचं आणि कोणतं अक्षर हवं ते फोनने आतल्या शब्दकोशात पाहून ठरवायचं. आपला शब्द झाला ७२५६५४, सहा दाब. अडचण एवढीच की त्या इंग्रजी शब्दकोशात साकोली नव्हतं. फोन अडायचा आणि पुन्हा सोळा दाब नशिबी यायचे. घर, आई, धान, बांधी, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. मराठी माणसाला टी-नाइनचा लाभ झाला तो मुख्यतः ‘ओके’ आणि ‘कम सून’ लिहिताना.

मग देवनागरीत का लिहिलं नाही? सोय काही फोनांत होती. पण एका बटणावर आख्खा तवर्ग बसवला की ‘न’ साठी तेच बटण पाच वेळा दाबावं लागे. शिवाय एसएमएसचं गणित आडवं येई. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, ११२० भागिले ७ म्हणजे १६० अक्षरं. देवनागरी चिन्हाला युनिकोडमध्ये १६ बिट लागतात, ११२० भागिले १६ म्हणजे ७०. आणि इथं चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर नव्हे. काना, वेलांटी, पाय मोडणारा हलन्त, प्रत्येकाची स्वतंत्र मोजणी होते.

एक वाक्य मोजून पाहू: ‘उद्या रोवणीला सहा बाया पाठव’. ‘उद्या’ डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात उ, द, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हं आहेत. ‘रोवणीला’ सात, ‘सहा’ तीन, ‘बाया’ चार, ‘पाठव’ चार, आणि मधल्या चार मोकळ्या जागा. एकूण २७. सत्तरातले सत्तावीस गेले, म्हणजे मेसेजचा जवळजवळ दोन पंचमांश भाग एका वाक्यात संपला. हेच वाक्य रोमन लिपीत लिहिलं तर २९ अक्षरं होतात, पण ती १६० पैकी. एकेका एसएमएसला पैसे पडत होते त्या काळात लोकांनी मराठी रोमन लिपीत लिहिली, याला काही जण भाषेविषयीची अनास्था म्हणतात. मला ते पटत नाही. लोकांनी पैसे आणि अंगठा वाचवला. ती सवय मात्र फोन बदलल्यावरही राहिली, आणि आजही व्हॉट्सॲपवर आपण ती पाहतो.

४. ब्लॅकबेरी, आयफोन आणि मधली काही वर्षं

एका बटणाला एकच अक्षर द्यायचं तर सव्वीसहून जास्त बटणं हवीत. नोकियाने १९९६ च्या कम्युनिकेटरमध्ये वहीसारखं उघडणारं झाकण देऊन आत तेवढी बटणं बसवली. पुढे ब्लॅकबेरीने ती फोनच्या तोंडावरच आणली. त्या बटणांना उतार दिलेला असे आणि दोन ओळींमध्ये धातूची पट्टी असे, त्यामुळे बटण नखाएवढं असूनही अंगठ्याला कड सापडे. बोटाला दाबण्याआधी सांगणारी ती पहिली सूचना या कंपनीने जितकी जपली तितकी कुणीच जपली नाही. कचेरीत ईमेल लिहिणारे लोक त्यावर जीव टाकत.

जानेवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप याच बटणांवर होता. गरज असो वा नसो, ती जागा अडवून बसतात आणि फोन विकल्यावर बदलता येत नाहीत. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला तो बाजूला सरकणाऱ्या बटणांच्या कीबोर्डसह. काचेवरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये एप्रिल २००९ मध्ये आला. त्यानंतर बटणं झपाट्याने मागे पडली. भारतात २०१८ मध्ये जिओफोन २ पूर्ण इंग्रजी बटणांसह २,९९९ रुपयांत आला होता, पण ती वाट पुढे गेली नाही. जुन्या ब्लॅकबेरी फोनांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

५. लहान चौकोन, मोठं बोट

फोनची रुंदी सत्तर मिलिमीटर धरू. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीत दहा अक्षरं असतात, म्हणजे एकेकाला सात मिलिमीटर. बोटाचा काचेला टेकणारा भाग साधारण आठ ते दहा मिलिमीटर. बोट चौकोनापेक्षा मोठं आहे. त्यात जे अक्षर हवं त्यावरच बोट येतं, म्हणजे ते दिसेनासं होतं. हिशेबाने पाहिलं तर काचेवर एक वाक्यसुद्धा धड लिहिता येऊ नये.

तरी लिहिता येतं, कारण फोन तुमच्या बोटावर पूर्ण विश्वास टाकत नाही. भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. गर्दी, इंजिनाची घरघर, मागच्या बाकावरून कुणीतरी ‘...कोली’ एवढंच ओरडतं आणि कंडक्टर साकोलीचं तिकीट काढतो. त्याने दोन गोष्टी जुळवल्या. एक, कानावर काय पडलं. दुसरी, या रस्त्यावर कुठली गावं लागतात. नुसत्या कानावर तो विसंबला असता तर प्रत्येक थांब्यावर भांडण झालं असतं.

फोनही असंच करतो. समजा तुम्ही sako एवढं लिहिलंय आणि पुढचं बोट के आणि एल यांच्या सीमेवर पडलं, थोडं के च्या बाजूला. स्पर्श सांगतो: के असण्याची शक्यता १०० मध्ये ५५, एल ची ४५. भाषेचा तक्ता सांगतो: sako नंतर एल येण्याची शक्यता ९०, के ची १०. आता गुणाकार करा. के: ५५ गुणिले १० म्हणजे ५५०. एल: ४५ गुणिले ९० म्हणजे ४०५०. फोन एल लिहितो. पडद्यावर चौकोन तेवढेच दिसतात, पण आतून एल चा चौकोन त्या क्षणापुरता मोठा झालेला असतो. आयफोनच्या पहिल्या कीबोर्डवर काम करणारे ॲपलचे केन कोसिएन्डा यांनी शब्द आपोआप दुरुस्त करण्याची जी सोय बसवली, तिच्यामागे हाच विचार होता.

टपरीवरच्या काकांचं आणि पोराचं कोडं आता सुटतं. पोरगा अंदाजे बोट टाकतो आणि फोन सावरेल यावर विसंबतो. काका प्रत्येक अक्षर नेमकं लागावं म्हणून जपून दाबतात, चुकलं की लगेच खोडतात, आणि फोनला सावरायची संधीच देत नाहीत. २०१९ मध्ये सदतीस हजार लोकांच्या टायपिंगवर युरोपातल्या विद्यापीठांनी एक अभ्यास केला. मोबाईलवरचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे ३६ इंग्रजी शब्द निघाला. दहा ते एकोणीस वयाची मुलं त्यांच्या आईबापांच्या पिढीपेक्षा मिनिटाला दहाएक शब्दांनी पुढे होती. आपल्याकडे शासकीय टंकलेखन परीक्षेत इंग्रजीसाठी ३० आणि ४० शब्दांच्या पायऱ्या आहेत. म्हणजे कुठल्याही इन्स्टिट्यूटचं तोंड न पाहता लोक काचेवर त्या वेगाच्या आसपास पोचले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीने वेग वाढत होता, पण वर दिसणारे तयार शब्द निवडणारे लोक उलट हळू पडत होते. तयार शब्द वाचायला, हवा तो आहे का ठरवायला आणि बोट तिकडे न्यायला वेळ जातो. तेवढ्यात शब्द लिहून झाला असता.

६. बटणांवर आपली अक्षरं कधी होती?

इंग्रजीत या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक ब्लॅकबेरीची आठवण काढून हळहळतात. ती हळहळ त्यांच्यापुरती खरी आहे. मराठी लिहिणाऱ्याने मात्र ती उसनी घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं, कारण त्या देखण्या बटणांवर आपलं एकही अक्षर नव्हतं.

सव्वीस बटणांत देवनागरी बसवणं अवघड काम आहे. व्यंजनं, स्वर, त्यांच्या मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त, हे सगळं धरलं की आकडा साठीच्या पुढे जातो. १९८० च्या दशकात भारत सरकारने इनस्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं; के दाबला की क, शिफ्टसह के दाबला की ख. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे आणि एकदा बोटांत बसली की फार वेगवान आहे. ‘साकोली’ला सहा बटणं लागतात: स, काना, क, ओ ची मात्रा, ल, दुसरी वेलांटी. पण दुकानातून आणलेल्या कीबोर्डवर छापलेली असतात इंग्रजी अक्षरं. इनस्क्रिप्ट पाठ करावं लागतं, आणि ज्याला दिवसातून दोन निरोप पाठवायचे आहेत तो ते पाठ का करील?

काचेने ही अडचण दूर केली. काचेवरचं बटण म्हणजे चित्र, आणि चित्र बदलता येतं. मराठी निवडलं की सगळी बटणं मराठी होतात. एवढंच नाही, एका अक्षरानंतर दुसरं अक्षर लिहिताना ती पुन्हा बदलू शकतात.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ‘कीलेख’ नावाचा बटणांचा कीबोर्ड मांडला होता. त्यात अक्षरं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने होती, क च्या पुढे ख, ख च्या पुढे ग, म्हणजे ज्याला वर्णमाला येते त्याला कीबोर्ड आलाच. कल्पना उत्तम होती, पण बटणांचा कीबोर्ड म्हटला की साचा, कारखाना, दुकान आणि गिऱ्हाईक हे सगळं उभं करावं लागतं. पुढे याच गटाने काचेसाठी ‘स्वरचक्र’ तयार केलं आणि २०१३ मध्ये ते फोनवर फुकट उतरवून घेता येऊ लागलं. मांडणी वर्णमालेचीच. स वर बोट ठेवलं की त्याभोवती एक चक्र उघडतं: सा, सि, सी, सु, सू, से, सै, सो, सौ. बोट न उचलता ‘सा’कडे सरकवायचं आणि सोडायचं. ‘साकोली’ झाला तीन सरकांत: स वरून सा, क वरून को, ल वरून ली. आपण मनात ज्या तुकड्यांनी शब्द उच्चारतो, बोटही त्याच तुकड्यांनी चालतं. जोडाक्षर हवं असेल तर चक्रातला हलन्त निवडायचा. मग कीबोर्डवरची अक्षरंच जोडाक्षरांच्या रूपात समोर येतात. पत्र्याच्या टिकलीवर हे कोणालाही जमलं नसतं.

आज बहुतेक फोनांत गूगलचा जीबोर्ड असतो आणि त्यात मराठीचे तीन मार्ग आहेत: थेट देवनागरी, रोमनमधून देवनागरी, आणि बोटाने अक्षर गिरवून लिहिणं. रोमनचा मार्ग सर्वांत लोकप्रिय, पण त्यातली खोच ओळखून असावं. रोमन ए म्हणजे अ की आ, एन म्हणजे न की ण, एल म्हणजे ल की ळ, हे फोनला अंदाजाने ठरवावं लागतं. kal लिहिलं तर काल, काळ, कळ, कल यांपैकी काहीही येऊ शकतं. mi bandhit aahe असं लिहिणारा शेतकरी बांधीत उभा असतो आणि समोरच्याला ‘मी बंधित आहे’ असं वाचायला मिळण्याची भीती असते. ज्याला रोज मराठी लिहायची आहे त्याने दोन आठवडे नेट लावून थेट देवनागरीची सवय करावी, असं माझं मत आहे.

७. अंदाज कोणाच्या भाषेचा?

एसटीच्या कंडक्टरला त्या रस्त्यावरची गावं ठाऊक होती. फोनला काय ठाऊक असतं? त्याला जेवढा मजकूर दाखवला गेला, तेवढंच. मराठीसाठी हा मजकूर मुख्यतः छापील, प्रमाण मराठीचा असतो: बातम्या, संकेतस्थळं, पुस्तकं. साकोलीच्या घराघरांत बोलली जाते ती झाडीबोली. साकोलीचेच डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. या बोलीत ण, ळ, श यांचा उच्चार वेगळा होतो. पाणी होतं पानी, शेत होतं सेत, डोळा होतो डोरा. आता ‘सेतात पानी’ असं लिहिणाऱ्याला फोन ‘शेतात पाणी’ सुचवणार. बोलीत लिहिणं त्याच्या हिशेबी चूक ठरतं आणि तो ती दुरुस्त करायला धावतो.

टी-नाइन सोडलं तर बटण असं करत नव्हतं. टिकली दाबली की जे दाबलं तेच उमटायचं. काचेची सगळी मदार अंदाजावर आहे, त्यामुळे ज्याची भाषा अंदाजात नाही त्याला ती इतरांपेक्षा जास्त अडवते. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, आणि ती बोलली गेली पाहिजे. यावर एक उपाय हाताशी आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्वतःचा शब्दसंग्रह असतो. त्यात पानी, सेत, डोरा हे शब्द एकदा घातले की फोन ते चूक धरत नाही. झाडीबोलीत लिहिणाऱ्यांनी अशी यादी करून एकमेकांना द्यावी.

भाषा नसण्याची किंमत मोठ्या प्रमाणावर दिसली ती २०२१ मध्ये. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन वारंवार बिघडतात ही एक तक्रार होती. मुलांच्या वजन-उंचीची नोंद ज्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये करायची त्यात मराठी नाही, ही दुसरी. २०१६ मध्येच केंद्र सरकारने असा नियम केला होता की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे आणि बावीस भाषा वाचता आल्या पाहिजेत. फोनला मराठी येत होती. ॲपने ती मागितलीच नाही.

८. मग घ्यावा कोणता?

हात कसे आहेत आणि काम काय आहे, ते पाहून ठरवावं.

पिकाची नोंद स्वतः करायची असेल तर काच लागणारच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. धुऱ्यावर उभं राहून गट निवडायचा, पीक निवडायचं, फोटो काढायचा. त्यात लिहिणं जवळजवळ नाहीच, सगळं यादीतून निवडणं आहे, आणि यादीतून निवडायला काचेइतकं सोपं काही नाही. फक्त हात आणि काच कोरडी हवी. खिशात सुती फडकं ठेवा, आणि पाऊस उघडल्यावरच फोन बाहेर काढा.

आजी-आजोबांना केवळ फोन लावायचा आणि घ्यायचा असेल तर बटणाचाच बरा. पैसे पाठवायची सोयही आता त्यावर आहे: रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात फोन लावून, ऐकून, आकडे दाबून व्यवहार होतो. आकडे दाबायला पत्र्याची टिकली आणि ५ वरचा उंचवटा यांच्याइतकं विश्वासाचं काही नाही.

दृष्टिहीन माणसाला बटण बरं असं कुणीही सांगेल, पण इथं काचेने थक्क करणारी वाट काढली आहे. अँड्रॉइडच्या टॉकबॅक सोयीत बोट फिरवलं की खालचं अक्षर बोलून दाखवलं जातं. २०२० पासून त्यात ब्रेल कीबोर्डही आहे: फोन आडवा धरून सहा बोटं काचेवर ठेवायची, आणि काच त्या सहा बोटांनाच ब्रेलचे सहा टिंब मानते. बोटाने बटण शोधायची गरजच उरत नाही. बोट जिथं टेकेल तिथं बटण येतं.

ज्यांना लिहिणंच जड जातं त्यांच्यासाठी बोलून लिहायची सोय आहे. गूगलने ती मराठीत ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. निवांत जागी ती छान चालते. मळणी यंत्राशेजारी चालत नाही, आणि झाडीबोलीशी तिचं अजून जुळायचं आहे.

राहिला तो लांबलचक लिहिणारा: कथा, अर्ज, गावाचा इतिहास, आजीकडून उतरवून घेतलेली गाणी. पानंच्या पानं काचेवर लिहू नयेत, मान आणि अंगठे दोन्ही धरतात. ओटीजी नावाचा एक छोटा जोड मिळतो, त्याने संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड बहुतेक अँड्रॉइड फोनना लावता येतो. विकत घेण्याआधी दुकानातच आपल्या फोनला जोडून पाहावा. कीबोर्ड लागला की पडद्यावरची अक्षरं बाजूला होतात आणि कीबोर्डखाली झाकलेला पडद्याचा भाग लिहिलेलं वाचायला मोकळा मिळतो.